कोइंब्र्याचे ग्रंथागार आणि देवस्थानांची दप्तरे

गोमंतकातील जुन्या घराण्यांत कोइंब्रा हे नाव अपरिचित नाही. पोर्तुगीज अमदानीत ज्याला युरोपातील विद्यापीठाची पदवी संपादन करावयाची असे, त्याच्या मनात लिस्बनच्या बरोबरीने कोइंब्र्याचेच नाव येई. १८५४ साली पणजीस लिसेव स्थापन झाल्यावर तर तेथे शिकणाऱ्या प्रत्येक पिढीच्या कानांवर त्या विद्यानगरीची कीर्ती पडत राहिली. मोंदेगु नदीच्या काठची टेकडी, तिच्या माथ्यावरील घंटाघर आणि काळे झगे परिधान केलेले विद्यार्थी यांचे वर्णन ऐकलेले कितीतरी वृद्ध आपल्या समाजात होऊन गेले. मात्र त्या टेकडीवर तीन शतके उभ्या असलेल्या ग्रंथागाराची हकीकत मराठीत क्वचितच सांगितली गेली आहे. देवस्थानाच्या स्मरणिकेत ती सांगण्यास कारण आहे. ग्रंथ कसे जगतात आणि कसे नाहीसे होतात, या प्रश्नाशी आपल्या देवस्थानांचा इतिहास फार जवळून निगडित झालेला आहे.

विद्यापीठाची स्थापना

पोर्तुगालचा राजा दों दिनीस याने १२९० साली लिस्बन येथे हे विद्यापीठ स्थापन केले. पुढील सुमारे अडीचशे वर्षे त्याचे बिऱ्हाड लिस्बन आणि कोइंब्रा यांच्या दरम्यान हलत राहिले. अखेर १५३७ साली दों जुवांव तिसरा याने ते कायमचे कोइंब्र्यास आणले. टेकडीवरील जुना राजवाडा विद्यापीठाच्या वापरास देण्यात आला आणि १५९७ साली विद्यापीठाने तो राजाकडून रीतसर विकत घेतला. आज त्या वाड्यास ‘पासु दाश इश्कोलश’ म्हणजे विद्याशाळांचा प्रासाद म्हणतात. २०१३ साली युनेस्कोने या विद्यापीठाचा समावेश जागतिक वारशाच्या यादीत केला.

येथे एका योगायोगाची नोंद करावयास हवी. ज्या दों जुवांव तिसऱ्याने आपल्या देशात विद्येचे हे माहेरघर वसविले, त्याच्याच कारकिर्दीत, १५४० च्या सुमारास, तिसवाडीतील देवालये पाडण्यात आली. विद्यापीठ कोइंब्र्यास स्थिर होऊन तेव्हा जेमतेम तीन वर्षे झाली होती. एकाच राजमुद्रेखाली एकीकडे ग्रंथांसाठी घर आणि दुसरीकडे ग्रंथांचा उच्छेद, अशी त्या काळाची विलक्षण रीत होती.

ग्रंथागाराचे दर्शन

प्रासादाच्या विस्तीर्ण चौकात उभे राहिले असता एका कोपऱ्यात उंच घंटाघर दिसते. त्याच्या एका घंटेस विद्यार्थ्यांनी ‘काब्र’ म्हणजे ‘बकरी’ असे नाव ठेवले आहे, कारण तिचा नाद झाला की त्यांना वर्गांची व अभ्यासाची आठवण करून दिली जाई. या चौकाच्या कडेस, उतारावर, राजा दों जुवांव पाचवा याच्या नावाने ओळखली जाणारी ‘बिब्लियोतेका जुवानीना’ ही वास्तू आहे. तिचे बांधकाम १७१७ साली सुरू झाले व १७२८ साली पूर्ण झाले. त्या काळी तिला साधेपणाने ‘काझा द लिव्रारिया’, म्हणजे पुस्तकांचे घर, असेच म्हणत.

वास्तूस तीन मजले आहेत. सर्वांत खालच्या मजल्यावर विद्यापीठाचा तुरुंग होता. विद्यापीठास स्वतःचा न्यायाधिकार असल्याने अपराधी विद्यार्थ्यांस नगरातील बंदिशाळेत न पाठविता येथेच ठेवीत. १७७३ पासून १८३४ पर्यंत ही व्यवस्था चालू होती. दगडी भिंतींच्या त्या अंधाऱ्या खोल्या पाहून, मधल्या मजल्यावरून, अभ्यागत वरच्या मुख्य दालनांत येतो. ठराविक वेळी ठराविक संख्येनेच लोकांना आत सोडतात, त्यामुळे तेथे गर्दी वा गडबड नसते.

मुख्य मजल्यावर एकापुढे एक अशी तीन दालने असून ती कमानींनी जोडलेली आहेत. भिंतींना लागून छतापर्यंत दोन मजली फडताळे उभी आहेत. त्यांवर हिरव्या, तांबड्या व काळ्या रंगाच्या पार्श्वभूमीवर सोनेरी नक्षी काढलेली आहे. मानुएल द सिल्व्ह या चित्रकाराची ती कारागिरी असून तिच्यात चिनी धाटणीची माणसे, पक्षी व वृक्ष दिसतात. पूर्वेकडील व्यापाराने पोर्तुगालात पोहोचलेल्या वस्तूंची छाप तीवर स्पष्ट आहे. वरच्या फडताळांपर्यंत जाण्यासाठी शिड्या आहेत. काम नसेल तेव्हा त्या फडताळांच्याच खाचांत सरकवून ठेवतात, इतक्या बेमालूम की पाहणाऱ्यास त्या दिसतही नाहीत. छतावरील चित्रे आंतोनियु सिमोंइश रिबैरु आणि व्हिसेंति नुनिश यांची आहेत. खालून पाहताना सपाट छत घुमटासारखे उंच भासावे, अशा हिशेबाने ती रंगविलेली आहेत.

तिन्ही दालनांच्या शेवटी, जेथे देवालयात मूर्ती असावी तेथे, दों जुवांव पाचवा याचे भव्य तैलचित्र आहे. दालनांमागून दालने ओलांडून दृष्टी शेवटी तेथेच जाऊन स्थिरावते. चौक, सभामंडप आणि गर्भागार यांच्या रचनेची सवय असलेल्या आपल्या माणसास हे चटकन उमजेल.

या राजाची कारकीर्द १७०६ ते १७५० अशी होती. ब्राझीलमधील सोन्याचा ओघ त्या काळी लिस्बनकडे वाहत होता आणि त्यातूनच असल्या वास्तू उभ्या राहिल्या. मात्र त्याच राजाच्या अमलात १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली, आणि त्याच वर्षी मराठ्यांच्या फौजा सासष्टी व बार्देशात उतरल्या. कोइंब्र्याच्या फडताळांवरील सोनेरी रंग तेव्हा नुकताच सुकलेला होता. तैलचित्रातील राजाच्या मुद्रेवर त्याची चिंता दिसत नाही.

ग्रंथरक्षणाची युक्ती

या ग्रंथागाराची खरी थोरवी त्याच्या सोन्यात नसून त्याच्या भिंतींत आहे. त्या दोन मीटरांहून अधिक, नेमके सांगावयाचे तर २.११ मीटर जाड आहेत. मुख्य दरवाजा सागवानाचा आहे. जाड भिंती व घट्ट लाकूड यांच्या योगाने बाहेर उन्हाळा असो वा हिवाळा, आतील उष्णता १८ ते २० अंशांच्या दरम्यान व हवेतील दमटपणा ६० टक्क्यांच्या आसपास राहतो. कागद व चामडे यांना सर्वाधिक अपाय होतो तो उष्णता व ओल यांच्या सततच्या चढउताराने. तो चढउतारच तेथे होऊ दिला जात नाही, आणि तोही कोणतेही यंत्र नसलेल्या काळात केलेल्या बांधणीमुळे. फडताळे ओक वृक्षाच्या लाकडाची आहेत. हे लाकूड कठीण असून त्याचा वास किडींना मानवत नाही.

इतके करूनही जे कीटक आत शिरतात, त्यांचा बंदोबस्त वटवाघळे करतात. फडताळांच्या मागील भागात लहान जातीच्या वटवाघळांची वस्ती आहे. रात्री दालने बंद झाली की ती बाहेर पडतात आणि कागद खाणारे कीटक टिपतात. त्यांच्या विष्ठेने मेजे खराब होऊ नयेत म्हणून दररोज संध्याकाळी मेजांवर चामड्याची आच्छादने घालतात आणि सकाळी ती काढून जमीन स्वच्छ करतात. वटवाघूळ दिसले की काठी शोधणाऱ्या आपल्या लोकांना हे ऐकून हसू येईल. पण त्यात शिकण्यासारखी गोष्ट आहे ती त्या नित्यनेमाची. संध्याकाळी आच्छादन घालावयाचे आणि सकाळी काढावयाचे, हे काम कोणी ना कोणी पिढ्यान्‌पिढ्या न चुकता करीत आले आहे. देवालयातील नंदादीपाची निष्ठा याहून वेगळी नसते.

दुर्मीळ संग्रह

या वास्तूतील ग्रंथांची संख्या सुमारे ६०,००० सांगितली जाते. त्यांत प्रामुख्याने सोळाव्या, सतराव्या व अठराव्या शतकांतील धर्मशास्त्र, कायदा, वैद्यक, तत्त्वज्ञान, भूगोल व इतिहास या विषयांवरील ग्रंथ आहेत. बहुतेक लॅटिन भाषेत आहेत. विद्यापीठाच्या एकंदर संग्रहातील काही रत्नांचा उल्लेख करणे अवश्य आहे. जर्मनीतील माइन्त्स येथे १४६२ साली फुस्ट व शेफर यांनी छापलेले, दर पानास ४८ ओळी असलेले लॅटिन बायबल तेथे आहे. पंधराव्या शतकातील हस्तलिखित हिब्रू बायबल तेथे आहे. ते अब्राव्हानेल या नावाने प्रसिद्ध आहे. कामोंइश याच्या ‘उज़ लुझियादश’ या महाकाव्याची १५७२ सालची पहिली आवृत्ती तेथे आहे. या कवीचे काही दिवस गोव्यात गेले होते, हे लिसेवमध्ये शिकलेल्यांना सांगावयास नको. कोइंब्र्याच्या सांत क्रूझ मठातील संगीताच्या हस्तलिखितांचाही मोठा संग्रह तेथे जतन केलेला आहे.

हे ग्रंथ कोठून आले, हेही पाहण्याजोगे आहे. काही विकत घेतले गेले. काही राजकीय उलथापालथींतून आले. १७५९ साली मार्केझ द पोंबाल याने जेज्वितांना हद्दपार केले, १७७२ साली विद्यापीठाची पुनर्रचना केली, आणि १८३४ साली पोर्तुगालातील धार्मिक संघ बरखास्त झाल्यावर मठांतील ग्रंथसंग्रह सार्वजनिक संस्थांकडे वळले. गोव्यातही हेच घडले. पणजीस १८३२ साली व्हिसरेइ दों मानुएल द पोर्तुगाल इ काश्त्रु याच्या वेळी सार्वजनिक ग्रंथालय स्थापन झाले, आणि थोड्याच वर्षांत बंद पडलेल्या मठांतील पुस्तके त्यात येऊन दाखल झाली. त्याच ग्रंथालयास आज केळशीच्या कृष्णदास शामा यांचे नाव आहे. १५२६ साली श्रीकृष्णचरित्राची मराठी ओवीबद्ध कथा रचणारे हे गोमंतकीय कवी होत.

जुवानीना येथील ग्रंथ केवळ शोभेसाठी ठेवलेले नाहीत. कोणा अभ्यासकास त्यांपैकी एखादा ग्रंथ पाहावयाचा असल्यास तो कारण देऊन मागणी करतो, आणि तो ग्रंथ विसाव्या शतकात बांधलेल्या शेजारच्या नव्या ग्रंथालयाच्या वाचनकक्षात आणून त्यास दाखविला जातो. जपणूक आणि उपयोग यांची अशी सांगड तेथे घातलेली आहे.

कोइंब्रा आणि गोमंतक

कोइंब्र्याने गोव्यास काय दिले, याचा विचार करताना एक नाव प्रथम आठवते. ज्वाकिं एलियोदोरु द कुन्ह रिव्हारा (१८०९–१८७९) यांनी कोइंब्रा विद्यापीठात वैद्यकाचे शिक्षण घेतले, परंतु त्यांचा ओढा ग्रंथांकडे होता. एव्होरा येथील सार्वजनिक ग्रंथालयाचे ते ग्रंथपाल झाले, आणि १८५५ साली गव्हर्नर-जनरलचे सचिव म्हणून गोव्यास आले. येथे त्यांनी जुन्या कागदपत्रांचे खंड छापून काढले, फादर स्टीफन्स यांचे १६४० साली राशोल येथे छापलेले व्याकरण १८५७ साली पुन्हा प्रकाशित केले, आणि १८५८ साली कोंकणी भाषेच्या इतिहासावर प्रसिद्ध निबंध लिहिला. विजयाच्या पहिल्या आवेशात आपल्याच राज्यकर्त्यांनी देवालयांबरोबर देशी भाषांतील ग्रंथही नष्ट केले, हे सत्य त्यांनी त्या निबंधात आडपडदा न ठेवता मांडले. पोर्तुगीज सरकारच्या एका उच्चाधिकाऱ्याने पोर्तुगीज भाषेत ते लिहावे, याचे मोल फार मोठे आहे. ग्रंथपालाच्या वृत्तीने त्यांच्यातील अधिकाऱ्यावर मात केली, असे म्हणावे लागते.

दुसरी घटना १९२८ ची. त्या वर्षी कोइंब्र्यास शिकणाऱ्या आदेओदातु बार्रेतु, तेलु द माश्कारेन्यश आदी गोमंतकीय तरुणांनी ‘इंदिया नोव्ह’ म्हणजे ‘नवा भारत’ नावाचे पत्र काढले. मडगावी जन्मलेल्या बार्रेतु यांनी हिंदू संस्कृतीवर पोर्तुगीज भाषेत ग्रंथ लिहिला. १९३७ साली अवघ्या ३१ व्या वर्षी ते निवर्तले. माश्कारेन्यश यांनी पुढे गोव्याच्या मुक्तीसाठी कारावास भोगला आणि १९७० पर्यंत ते पोर्तुगालच्या तुरुंगात होते. आश्चर्य असे की त्याच १९२८ साली कोइंब्रा विद्यापीठातील अर्थशास्त्राचे एक प्राध्यापक अर्थमंत्री होऊन लिस्बनला गेले. ते म्हणजे आंतोनियु द ओलिव्हैर सालाझार. गोवा सोडण्यास अखेरपर्यंत नकार देणारा सत्ताधीश आणि गोव्याच्या भारतीयत्वाचा उच्चार करणारे तरुण एकाच विद्यापीठाच्या छायेत वाढले.

परदेशी जपलेला आपला ठेवा

आता मूळ मुद्द्याकडे वळावयाचे. गोव्यातून नाहीसे झालेले आपले वाङ्मय सर्वच्या सर्व जळाले काय? काही थोडे वाचले, आणि ते ज्यांच्या हातून नाश झाला त्यांच्याच हातून वाचले.

कोइंब्र्याच्या उत्तरेस ब्राग नावाचे नगर आहे. तेथील सार्वजनिक ग्रंथालय १८४१ साली स्थापन झाले असून आता ते मिन्यु विद्यापीठाचा भाग आहे. त्या ग्रंथालयात ७७१ व ७७२ या क्रमांकांची हस्तलिखिते आहेत. त्यांत आणि त्यांच्या सोबतच्या बाडात रामायण-महाभारतातील कथा कोंकणी गद्यात, तसेच मराठी पद्यरचना, रोमन लिपीत लिहून ठेवलेल्या आहेत. सोळाव्या शतकात सासष्टीतील जेज्वितांनी लोकभाषा शिकण्यासाठी व हिंदूंच्या पुराणकथा समजून घेण्यासाठी या प्रती तयार करविल्या, असे अभ्यासक मानतात. प्रा. मारियानु साल्दान्य यांनी त्यांकडे विद्वानांचे लक्ष वेधले. ज्या घरांत त्या कथा म्हटल्या जात, त्या घरांतील माणसे देवाची मूर्ती घेऊन नदीपार गेली; काही बाटली. त्यांच्या तोंडचे शब्द मात्र खंडनासाठी का होईना, लिहिले गेले आणि सुरक्षित राहिले.

दुसरे उदाहरण लंडन विद्यापीठातील प्राच्यविद्या संस्थेच्या ग्रंथालयाचे. फादर स्टीफन्स १५७९ साली गोव्यास आले आणि त्यांनी ओवी छंदात ‘क्रिस्तपुराण’ रचले. ते १६१६, १६४९ व १६५४ साली रोमन लिपीत छापले गेले, परंतु त्या मुद्रित प्रती आज उपलब्ध नाहीत. १९०७ साली मंगळूर येथे हस्तलिखितांवरून ते पुन्हा छापले गेले. पुढे १९२५ च्या सुमारास जस्टिन ॲबट यांनी लंडनच्या त्या संस्थेतील विल्यम मार्सडन यांच्या संग्रहात त्याची देवनागरीतील हस्तलिखित प्रत असल्याचे दाखवून दिले. मराठी भाषेच्या गौरवाने ओथंबलेला तो ग्रंथ मराठी लिपीत कोणीतरी लिहून ठेवला होता, आणि तो सापडला तो थेम्सच्या काठी.

आपली दप्तरे

या सर्व कथेचा आपल्याशी असलेला संबंध आता वेगळा सांगावयास नको. आपली दैवते सोळाव्या शतकात तिसवाडी, सासष्टी व बार्देशातून अंत्रुज महालात व इतरत्र स्थलांतरित झाली. मूर्ती आल्या, परंतु मूळ स्थानचे कागद फार थोडे आले. त्यामुळे त्या आधीच्या काळाबद्दल लिहिताना अभ्यासकांस पोर्तुगीजांनी केलेल्या जमिनींच्या नोंदींवरच पुष्कळसे अवलंबून राहावे लागते. पाडलेल्या देवळांची नावे व त्यांच्या जमिनी यांची माहिती पाडणाऱ्यांच्या वह्यांत मिळावी, यापरते दुर्दैव कोणते?

स्थलांतरानंतरचे दप्तर मात्र आपले आहे. सौंधेकरांच्या व मराठ्यांच्या अमलातील सनदा व इनामपत्रे, मोडीतील जमाखर्च, गावकरीच्या व्यवहारातील गोयकानडी लिपीतील कागद, उत्सवांच्या याद्या, आणि पुढे पोर्तुगीज भाषेतील ठराव व पत्रव्यवहार असा तो विविध संग्रह आहे. १८८६ व १९३३ सालच्या देवस्थान कायद्यांनी प्रत्येक मझानीस महाजनांची नोंदवही, जिंदगीची यादी व हिशेबाच्या वह्या ठेवणे आवश्यक केले. १९३३ चा कायदा १९६१ नंतरही चालू राहिला. या वह्यांतून घराण्यांच्या वंशावळी, धान्याचे भाव, कलावंतांच्या व सेवेकऱ्यांच्या नेमणुका, दुष्काळ व साथी यांचा इतिहास पडून आहे. डॉ. पांडुरंग पिसुर्लेकर (१८९४–१९६९) यांनी पणजीच्या पुराभिलेखागारातील धूळ खात पडलेल्या कागदांतून मराठे-पोर्तुगीज संबंधांचा इतिहास उभा केला. देवस्थानांच्या पेट्यांतील कागदांना असा वाचक मिळावयाचा आहे.

तो मिळेपर्यंत कागद टिकले पाहिजेत. गोव्याची हवा कोइंब्र्याहून कितीतरी कठोर आहे. चार महिन्यांचा पाऊस, वाळवी, कसर आणि झुरळे यांच्यापुढे लाकडी पेटी किती काळ तग धरणार? त्याहून मोठे संकट वाचकांच्या अभावाचे आहे. मोडी सहज वाचणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले, गोयकानडी वाचणारे त्याहूनही कमी, आणि पोर्तुगीज भाषेत शिकलेली पिढी दरवर्षी विरळ होत आहे. कागद शाबूत राहिला आणि वाचणारा गेला, तर तो कागद जळाल्यासारखाच होय.

उपाय खर्चिक नाहीत. प्रथम प्रत्येक देवस्थानाने आपल्या कागदांची यादी करावी; काय आहे हेच ठाऊक नसेल तर काय गेले हेही कळत नाही. कागद जमिनीपासून उंच, भिंतीपासून अलग व कोरड्या जागी ठेवावेत. फाटलेल्या पानांना चिकटपट्ट्या लावू नयेत, की प्लॅस्टिकमध्ये कायमची बंद करू नयेत. पुराभिलेख खात्यातील जाणकारांचा सल्ला घ्यावा. सर्व कागदांची छायाचित्रे काढून त्यांची एक प्रत अन्यत्र ठेवावी. आणि मोडी वा पोर्तुगीज जाणणारी जी वडीलधारी मंडळी हयात आहेत, त्यांच्याजवळ घरातील एखाद्या तरुणाने बसून निदान एक वही वाचून उतरून घ्यावी.

कोइंब्र्याचे ग्रंथागार उभारण्यास ब्राझीलचे सोने लागले. ते तीनशे वर्षे टिकविण्यास रोज संध्याकाळी मेजावर आच्छादन घालणारा एक सेवक पुरला. आपल्या देवस्थानांत सेवेची परंपरा अखंड आहे. पालखीचा, दिवजांचा, नगारखान्याचा मान जसा घराण्यांकडे चालत आला, तशीच दप्तराची सेवाही एखाद्या घराण्याने पत्करावी. ती सेवा श्रींच्या चरणी इतर कोणत्याही सेवेइतकीच रुजू होईल.